वहीत दोन रकाने पाडू नका: पहिलं महायुद्ध आणि कॅनडाची घरं

प्रश्न थोडक्यात असा आहे. दोन वर्षांपूर्वी नाशिकहून किचनरला राहायला आलेल्या एका ताईंच्या मुलीला दहावीच्या इतिहासात प्रकल्प मिळाला आहे: पहिल्या महायुद्धाचा कॅनडाच्या सैनिकांवर आणि नागरिकांवर झालेला परिणाम. मुलीने पानाच्या मधोमध रेघ मारून डावीकडे ‘सैनिक’ आणि उजवीकडे ‘नागरिक’ असे दोन रकाने केले आहेत. डावा रकाना भरून वाहतोय. उजव्यात एकच ओळ आहे, ‘बायका कारखान्यात काम करू लागल्या’. ताई विचारतात की लढाई तर समुद्रापलीकडे युरोपात चालली होती, मग इथे घरी बसलेल्या माणसांना सोसावं लागलं ते नेमकं काय?

ताई, मी याच भागातल्या शाळेत बावीस वर्षं इतिहास शिकवते आहे. आँटॅरिओत दहावीला कॅनडाचा इतिहास सक्तीचा असतो आणि तो १९१४ पासूनच सुरू होतो, त्यामुळे हे दोन रकाने मी दर सप्टेंबरात बघते. मुलीला सांगा, ती मधली रेघ खोडून टाक. जो सैनिक होता तो कुणाचा तरी मुलगा, नवरा किंवा शेतावरचा गडी होता. त्याचा पगार घरी येत होता, त्याच्या नावावर घरच्या बाईला मतदानाचा हक्क मिळत होता, आणि त्याच्या मरणाची तार याच घराच्या दारात येत होती. घराला एकक धरलं की उजवा रकाना आपोआप भरतो.

आकडे आधी सांगून टाकते. १९१४ मध्ये कॅनडाची लोकसंख्या जेमतेम ८० लाखांच्या घरात होती. त्यातले सव्वासहा लाखांच्या आसपास लोक सैन्यात गेले, सव्वाचार लाख समुद्र ओलांडून गेले, ६१ हजारांहून जास्त मेले आणि १ लाख ७२ हजार जखमी झाले. ४ ऑगस्ट १९१४ ला ब्रिटनने युद्ध पुकारलं आणि कॅनडा आपोआप युद्धात ओढला गेला. ऑटावाच्या संसदेला ‘जायचं का’ हा प्रश्न कुणी विचारलाच नाही. आपल्याकडे हिंदुस्थानचंही तेच झालं होतं. पहिली तुकडी ऑक्टोबरात निघाली, ३० हजारांवर माणसं, आणि त्यांतली बहुसंख्य ब्रिटनमध्ये जन्मलेली, म्हणजे आपल्यासारखीच स्थलांतरित होती. हे मुलीला मुद्दाम सांगा. ‘कॅनडियन सैनिक’ म्हटलं की वर्गातल्या मुलांच्या डोळ्यांसमोर पिढ्यान्‌पिढ्या इथेच राहिलेला माणूस येतो, आणि तिथेच चूक होते.

आता एक बारीक गोष्ट, जी ऐकून माझे विद्यार्थी हमखास मान वर करतात. सुरुवातीच्या वर्षभरात लग्न झालेल्या माणसाला भरती व्हायचं तर बायकोची लेखी संमती लागायची. ऑगस्ट १९१५ मध्ये, माणसं कमी पडायला लागल्यावर, ती अट काढून टाकली. म्हणजे पहिल्या वर्षी हा निर्णय चुलीपाशी बसून दोघांनी घेतला आणि दुसऱ्या वर्षापासून बाईचं मत विचारात घेणंच बंद झालं. सैनिकांवरचा परिणाम आणि नागरिकांवरचा परिणाम इथे वेगळा कसा काढणार?

पैशाचंही तसंच. साध्या शिपायाला दिवसाला १ डॉलर १० सेंट मिळायचे. त्यातला मोठा वाटा तो घरी लावून द्यायचा, त्यावर सरकार बायकोला महिना २० डॉलर विरह-भत्ता द्यायचं, आणि तरीही भागलं नाही तर ‘पॅट्रिऑटिक फंड’ नावाचा धर्मादाय निधी मदत करायचा. या निधीच्या स्वयंसेविका घरी येऊन बघायच्या: घर स्वच्छ आहे का, बाई काटकसर करते का, तिचं वागणं कसं आहे. नवरा खंदकात आणि परकी बाई स्वयंपाकघरात उभी राहून डबे उघडून बघतेय, हे चित्र मला कुठल्याही लढाईच्या नकाशाइतकंच महत्त्वाचं वाटतं.

लढाया मात्र टाळता येत नाहीत. एक नीट समजून घ्या, बाकीच्या कळतील. बेल्जियममधलं ईप्र शहर, २२ एप्रिल १९१५, संध्याकाळची वेळ. जर्मनांनी हजारो सिलिंडर उघडून क्लोरीन सोडला. हिरवट-पिवळा ढग जमिनीलगत सरकत आला आणि आधी फ्रेंच फळीतल्या अल्जिरियन सैनिकांवर बसला. ती फळी तुटली. शेजारीच कॅनडाची पहिली डिव्हिजन होती, तिने ते भगदाड सांधलं. २४ तारखेला पहाटे वायू थेट कॅनडियनांवर सोडला गेला. तोंडावर बांधायला मुखवटे नव्हते. रुमाल, पट्ट्या, जे मिळेल ते लघवीत भिजवून नाकातोंडावर धरायचं, एवढाच उपाय. हातात रॉस रायफल होती. कॅनडातच बनलेली, नेम धरायला उत्तम, पण चिखल गेला किंवा भराभर गोळ्या झाडल्या की अडकायची. बोल्ट बुटाच्या टाचेने ठोकून उघडायला लागायचा. मेलेल्या ब्रिटिश सैनिकांच्या ली-एनफिल्ड रायफली उचलून मुलं लढली. काही दिवसांत ६ हजारांहून जास्त कॅनडियन कामी आले, म्हणजे मेले, जखमी झाले किंवा पकडले गेले. मेलेले दोन हजारांवर.

२६ एप्रिलला त्याच रणांगणात हिंदुस्थानी लष्कराची लाहोर डिव्हिजन उतरली आणि तिलाही वायूचा सामना करावा लागला. जमादार मीर दस्त यांना तिथल्याच पराक्रमाबद्दल व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ईप्रच्या मेनिन गेटवर ज्यांचं शरीर सापडलं नाही अशा सैनिकांची नावं कोरली आहेत. त्यात जवळजवळ ७ हजार कॅनडियन आहेत आणि त्याच कमानीत हिंदुस्थानी सैनिकांचीही नावं आहेत. मराठा पलटणींचा मुख्य हिशेब मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, कूटच्या वेढ्यात झाला, पण तो वेगळा विषय आहे.

याच लढाईत गेल्फचे डॉक्टर जॉन मक्रे जखमींवर उपचार करत होते. २ मे ला त्यांचा तरुण मित्र, लेफ्टनंट अॅलेक्सिस हेल्मर, तोफगोळ्याने मारला गेला. पाद्री हजर नव्हता, म्हणून दफनविधी मक्रेंनीच केला, आणि त्यानंतर ‘इन फ्लँडर्स फील्ड्स’ ही कविता लिहिली जी दर नोव्हेंबरात तुमची मुलगी शाळेत ऐकते. युद्धातल्या मृतांच्या आठवणीसाठी कोटावर लावतात ते पॉपीचं फूल त्या कवितेतूनच आलं. तिचं शेवटचं कडवं मुलीला पुन्हा नीट वाचायला सांगा. मेलेले तिथे जिवंतांना लढाई पुढे चालवायला सांगतात. १९१७ मध्ये विजय-रोखे, म्हणजे युद्धासाठी सरकारने लोकांकडून घेतलेल्या कर्जाचे रोखे, खपवण्यासाठी तिच्याच ओळी वापरल्या गेल्या. म्हणजे रणांगणावर लिहिलेली कविता दोन वर्षांत घराघरांत पैसे मागायला पोचली. मक्रे जानेवारी १९१८ मध्ये फ्रान्समध्येच न्यूमोनियाने गेले. गेल्फमधलं त्यांचं घर आता संग्रहालय आहे; किचनरहून अर्ध्या तासाचा रस्ता, एखाद्या शनिवारी जाऊन या.

पुढच्या लढाया पटकन. १ जुलै १९१६ ला, फ्रान्समधल्या सोमच्या लढाईच्या पहिल्याच दिवशी, बोमाँ-हामेलला न्यूफाउंडलंडची रेजिमेंट जवळपास संपली. आठशेच्या आसपास माणसं पुढे गेली, दुसऱ्या दिवशी हजेरीला ६८ उभी राहिली. न्यूफाउंडलंड तेव्हा कॅनडात नव्हतं, १९४९ मध्ये आलं. १ जुलै हाच कॅनडाचा राष्ट्रीय दिवस, त्यामुळे तिथे आजही कॅनडा डेची सकाळ शोकाची असते. एप्रिल १९१७ मध्ये फ्रान्समधली व्हिमीची टेकडी, जिथे कॅनडाच्या चारही डिव्हिजन पहिल्यांदा एकत्र लढल्या: चार दिवसांत ३,५९८ मृत, ७ हजारांवर जखमी. त्याच शरदात बेल्जियममधलं पॅशनडेल, चिखलात १५ हजारांहून जास्त हताहत. कमांडर आर्थर करी यांनी आधीच बजावलं होतं की सुमारे १६ हजार माणसं जातील; तरी हल्ला झालाच. आणि १९१८ चे शेवटचे शंभर दिवस, जे पाठ्यपुस्तकात ‘विजयी घोडदौड’ म्हणून एका परिच्छेदात संपतात, त्यांत ४५ हजार हताहत. ११ नोव्हेंबरला अकरा वाजता तोफा थांबल्या. दोन मिनिटं आधी, १०:५८ ला, बेल्जियममधल्या मोन्सजवळ जॉर्ज प्राइस नावाचा कॅनडियन शिपाई गोळी लागून मेला.

‘व्हिमीला कॅनडा राष्ट्र झाला’ हे वाक्य तुमच्या मुलीला सगळीकडे सापडेल. त्यात तथ्य आहे. युद्धानंतर कॅनडाने व्हर्सायच्या तहावर स्वतःची सही केली, राष्ट्रसंघात स्वतःची खुर्ची मिळवली. पण त्याच १९१७ च्या डिसेंबरातल्या निवडणुकीत देश इंग्रजी-फ्रेंच भाषेच्या रेषेवर जितका दुभंगला तितका क्वचितच दुभंगला असेल. ते वाक्य लिहायचं असेल तर ही दुसरी बाजूही त्याच परिच्छेदात यायला हवी, एवढा आग्रह मी वर्गात धरते.

आता तुम्ही जिथे राहता तिथे येऊ. तुमच्या गावाचं नाव १९१६ पर्यंत बर्लिन होतं. जर्मन वंशाची वस्ती, जर्मन चर्च, जर्मन वर्तमानपत्रं, कातड्याचे आणि फर्निचरचे कारखाने. व्हिक्टोरिया पार्कात, जिथे तुम्ही संध्याकाळी फिरायला जात असाल, जर्मन सम्राट पहिल्या विल्हेल्मचा अर्धपुतळा होता. ज्या कैसरशी युद्ध चाललं होतं त्याचा हा आजोबा. ऑगस्ट १९१४ मध्ये काही तरुणांनी तो उखडून पार्कातल्या तळ्यात टाकला. फेब्रुवारी १९१६ मध्ये गावातच भरती होत असलेल्या ११८व्या बटालियनच्या शिपायांनी जर्मन क्लबात घुसून मोडतोड केली. मे महिन्यात नाव बदलावं का यावर मतदान झालं: बदलावं म्हणणारे १,५६९, नको म्हणणारे १,४८८. फरक ८१ मतांचा. नवं नाव कोणतं यासाठी जूनमध्ये पुन्हा मतदान झालं तेव्हा बहुतेक लोक घरीच बसले आणि ३४६ मतांवर ‘किचनर’ ठरलं. १ सप्टेंबर १९१६ पासून पाट्या बदलल्या.

लॉर्ड किचनर हा माणूस आपल्याला परका नाही. १९०२ ते १९०९ तो हिंदुस्थानचा सरसेनापती होता, आणि मराठा पलटणींना १०३, १०५, ११० हे क्रमांक त्याच्याच फेररचनेत, १९०३ मध्ये मिळाले. तो ५ जून १९१६ ला बोट बुडून मेला, आणि त्याच महिन्यात त्याचं नाव आँटॅरिओतल्या एका जर्मन गावाला लागण्याच्या वाटेवर होतं.

सेंट जेकब्सच्या बाजारात घोडागाडीतून येणारे मेनोनाइट तुम्ही पाहिले असतील. शस्त्र हातात न धरणं हा त्यांच्या धर्माचा भाग. १९१७ च्या निवडणुकीत त्यांचं मत काढून घेतलं गेलं. त्यामागचा कायदा समजून घेण्यासारखा आहे. पंतप्रधान बोर्डन यांना सक्तीची सैन्यभरती आणायची होती आणि त्यासाठी निवडणूक जिंकायची होती. म्हणून सप्टेंबर १९१७ मध्ये नियम केला की सैनिकांच्या आया, बायका, बहिणी आणि मुलींना मत मिळेल. शत्रुदेशात जन्मून १९०२ नंतर कॅनडाचे नागरिक झालेल्यांचं मत जाईल. आणि धर्मामुळे लढायला नकार देणाऱ्यांचंही जाईल. एकाच गल्लीतल्या दोन घरांची कल्पना करा. एका घरातल्या आईचा मुलगा फ्रान्समध्ये आहे, म्हणून ती आयुष्यात पहिल्यांदा मतपेटीपाशी जाते. शेजारच्या घरातला ऑस्ट्रियाहून आलेला, पंधरा वर्षं कर भरणारा माणूस त्याच दिवशी घरी बसतो. परिचारिकांनाही त्याच वर्षी मत मिळालं, कारण त्या सैन्यात अधिकारी होत्या. बहुसंख्य स्त्रियांना राष्ट्रीय मतदानाचा हक्क मे १९१८ मध्ये आला. उजव्या रकान्यात ‘स्त्रियांना मताधिकार मिळाला’ एवढंच लिहिलं तर या गल्लीतलं काहीच कळत नाही.

सक्तीची भरती आली. फ्रेंच बोलणाऱ्या क्वीबेक प्रांताने विरोध केला हे सगळ्या पुस्तकांत आहे, आणि तो खराच. आँटॅरिओने १९१२ पासून फ्रेंचमधून शिकवण्यावर बंधनं घातली होती. ‘आमच्या मुलांना आमच्या भाषेत शिकू देत नाही आणि तुमच्या राजासाठी मरायला बोलावता’ हा त्यांचा सवाल होता. ज्यांच्या घरी मराठी शाळा आणि इंग्रजी शाळा यावर वाद होतात त्यांना हा सवाल समजायला जड जाऊ नये. १ एप्रिल १९१८ ला, ईस्टरच्या सोमवारी, क्वीबेक शहरात सैन्याने जमावावर गोळीबार केला आणि चार माणसं मेली. पण जी गोष्ट कमी सांगितली जाते ती ही: पहिल्या फेरीत ज्या चार लाख अविवाहित तरुणांची नोंद झाली त्यांच्यातल्या नव्वद टक्क्यांहून जास्त जणांनी सूट मागितली, आणि ते देशभरातले होते. इंग्रजी बोलणारे शेतकरीही होते. शेतकऱ्यांच्या मुलांना दिलेली सूट एप्रिल १९१८ मध्ये ऐन पेरणीच्या तोंडावर रद्द झाली तेव्हा हजारो शेतकरी ऑटावाला जाऊन धडकले. अखेर सक्तीने घेतलेल्यांपैकी २४ हजारांच्या आसपास प्रत्यक्ष आघाडीवर पोचले.

आणि छावण्या. ऑगस्ट १९१४ मध्येच, सरकारला माणसं डांबायचे अधिकार देणारा युद्ध-उपाय कायदा झाला. ऑस्ट्रिया-हंगेरीच्या पासपोर्टवर आलेले युक्रेनी मजूर, ज्यांचा त्या सम्राटाशी काडीचा जिव्हाळा नव्हता, ते एका रात्रीत ‘शत्रू’ झाले. ८० हजार लोकांना नाव नोंदवून पोलिसांपुढे ठराविक मुदतीत हजेरी लावायला लागली. ८,५७९ जणांना २४ छावण्यांत डांबलं, काही ठिकाणी बायकामुलांसह. बॅन्फला फिरायला गेलात तर तिथले काही रस्ते या माणसांनी, दिवसाला पंचवीस सेंटवर, दगड फोडून केले आहेत हे मुलीला दाखवा. १०७ जण छावण्यांत मेले. शेवटच्या छावण्या १९२० मध्ये, म्हणजे युद्ध संपून वर्ष उलटल्यावर बंद झाल्या.

युद्ध कॅनडाच्या दारात खरोखर आलं ते ६ डिसेंबर १९१७ ला, पूर्व किनाऱ्यावरच्या हॅलिफॅक्समध्ये. याच्यावर मुलीने थांबावं असं मला वाटतं. सकाळी पावणेनऊच्या सुमारास बंदराच्या अरुंद भागात दोन जहाजं आदळली: ‘इमो’, बेल्जियमसाठी मदत न्यायला निघालेलं, आणि ‘माँ-ब्लां’, फ्रेंच, पोटात सुमारे २,९०० टन स्फोटकं आणि डेकवर बेंझॉल या झटकन पेट घेणाऱ्या द्रवाची पिंपं. आग लागली. खलाशी होडीतून पळाले, पण कुठली माणसं काय ओरडतायत ते कुणाला कळलं नाही. धूर बघायला लोक खिडकीशी आले. मुलं शाळेच्या वाटेवर थांबली. आया तान्ह्यांना कडेवर घेऊन काचेला नाक लावून उभ्या राहिल्या. वीसेक मिनिटांनी, नऊ वाजून चार मिनिटांनी, स्फोट झाला. रिचमंड भाग सपाट झाला, समोरच्या किनाऱ्यावरची मिगमा आदिवासींची वस्ती लाटेने पुसून गेली. सुमारे २ हजार मृत, ९ हजार जखमी. दुसऱ्या दिवशी हिमवादळ आलं. रेल्वेचा तार-ऑपरेटर व्हिन्सेंट कोलमन पळता पळता परत फिरला, येणारी पॅसेंजर गाडी थांबवायची तार त्याने पाठवली आणि तो तिथेच मेला.

आपल्याकडे आजी-आजोबा मुंबई गोदीतल्या १४ एप्रिल १९४४ च्या स्फोटाबद्दल सांगायचे, सोन्याच्या विटा उडून लोकांच्या घरांत पडल्या वगैरे. ते जहाज, ‘फोर्ट स्टिकीन’, दुसऱ्या महायुद्धात कॅनडातच बांधलेलं होतं, ब्रिटिश कोलंबियातल्या प्रिन्स रूपर्टला. हॅलिफॅक्स वर्गात शिकवताना मला दर वर्षी त्याची आठवण येते.

हॅलिफॅक्सच्या त्या खिडक्यांच्या काचा डोळ्यांत गेल्या. हजारो लोकांच्या डोळ्यांना इजा झाली, कित्येकांचे डोळे काढावे लागले. त्याच सुमारास आघाडीवरून दृष्टी गेलेले सैनिक परत येत होते. त्यांतला एक, एडविन बेकर, १९१५ मध्ये बेल्जियममध्ये आंधळा झाला होता. मार्च १९१८ मध्ये कॅनडाची राष्ट्रीय अंध संस्था उभी राहिली, बेकर तिच्या संस्थापकांपैकी होता. खंदकात आंधळे झालेले आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत आंधळे झालेले एकाच संस्थेत बोटांनी वाचायला शिकले. मुलीच्या वहीतली ती मधली रेघ खोडायला मी याहून चांगलं उदाहरण देऊ शकत नाही.

तुमच्या टपालपेटीत किल्लीला लावायचं टॅग येतं ना, ‘वॉर अँप्स’चं? ती संस्था १९१८ मध्ये हात-पाय गमावलेल्या सैनिकांनी सुरू केली. अशा सैनिकांची संख्या साडेतीन हजारांच्या आसपास होती. आज ती अवयव नसलेल्या लहान मुलांना कृत्रिम हात-पाय मिळवून देते.

परतलेल्यांचं काय झालं, यावर फार लिहिता येईल. दोन-तीन माणसं सांगते. फ्रान्सिस पेगामागाबो, ओजिब्वे या आदिवासी समाजाचा, युद्धातला अव्वल नेमबाज, तीनदा मिलिटरी मेडल. गावी परतला तर साध्या व्यवहारालाही आदिवासींवर नेमलेल्या सरकारी ‘इंडियन एजंट’च्या मर्जीवर अवलंबून. चार हजारांहून जास्त आदिवासी सैनिक गेले होते. आदिवासी म्हणून असलेला कायदेशीर दर्जा न सोडता राष्ट्रीय मतदान करण्याचा हक्क त्यांच्या लोकांना १९६० मध्ये मिळाला. टॉम लाँगबोट, इथून तासाभराच्या आत असलेल्या सिक्स नेशन्स या आदिवासी वस्तीचा, १९०७ ची बॉस्टन मॅरेथॉन जिंकलेला धावपटू. आघाडीवर निरोप्या म्हणून धावत होता. तो मेल्याची चुकीची खबर घरी आली. तो परत आला तेव्हा बायकोने दुसरं लग्न केलं होतं. नोव्हा स्कोशियाच्या कृष्णवर्णीय तरुणांना ‘हे गोऱ्यांचं युद्ध आहे’ म्हणून भरती केंद्रांवरून परत पाठवलं. १९१६ मध्ये त्यांची वेगळी बटालियन निघाली, पण हातात बंदुकीऐवजी कुऱ्हाडी आणि फावडी आली. सरकारने त्याची माफी २०२२ मध्ये मागितली.

आणि बक्कम सिंग. मे १९१४ मध्ये ३७६ हिंदुस्थानी प्रवाशांचं ‘कोमागाटा मारू’ व्हँकुव्हरला आलं, दोन महिने बंदरात अडकलं आणि २३ जुलैला हाकललं गेलं. बारा दिवसांनी युद्ध सुरू झालं. पंजाबातून आधीच इथे आलेला हा तरुण पुढच्याच वर्षी कॅनडाच्या सैन्यात भरती झाला. असे शीख सैनिक कॅनडाच्या फौजेत मोजून दहाच्या आसपास होते. फ्लँडर्समध्ये दोनदा जखमी झाला, क्षयाने खंगला आणि १९१९ मध्ये किचनरच्या रुग्णालयात मेला. त्याची कबर तुमच्या घरापासून फार लांब नाही, माउंट होप दफनभूमीत आहे. तिथे दर नोव्हेंबरात लोक जमतात, मीही जाते. दगडावर मेपलचं पान कोरलेलं आहे आणि बाजूला थंडीत काकडत उभ्या असलेल्या पगडीवाल्या मुलांच्या कोटावर पॉपी असते.

इन्फ्लुएंझाचा उल्लेख सोडू नका. १९१८–१९ मध्ये कॅनडात सुमारे ५० हजार माणसं त्यात गेली, म्हणजे चार वर्षांच्या युद्धातल्या मृतांच्या जवळपास पोचणारा आकडा. सैनिकांच्या आगगाड्यांनी तो पूर्वेकडून पश्चिमेकडे नेला. त्याच साथीने त्या वर्षी मुंबईतही प्रेतांच्या रांगा लावल्या होत्या. कॅनडात राष्ट्रीय आरोग्य खातं त्यानंतर, १९१९ मध्ये सुरू झालं. आणि तुम्ही दर एप्रिलला जो आयकर भरता तोही १९१७ मध्ये युद्धासाठी म्हणूनच लागू झाला.

आता प्रत्यक्ष काय करायचं ते. गावातल्या स्मारकावरचं कुठलंही एक नाव निवडा. ऑटावाच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने ६ लाख २२ हजारांवर सैनिकांच्या फायली स्कॅन करून सगळ्यांना फुकट खुल्या केल्या आहेत. पहिल्या पानावर भरतीचा अर्ज असतो: धंदा काय, जवळचा नातेवाईक कोण, छातीचं माप, डोळ्यांचा रंग, अंगावरची खूण. मग पगाराचं कार्ड, त्यावर आईला महिन्याला किती लावून दिले ते. मग दवाखान्याचे कागद. ‘जी.एस.डब्ल्यू.’ म्हणजे गोळीची जखम. ‘एस.ओ.एस.’ दिसलं की मुलं दचकतात; तो मदतीचा संदेश नसतो, पटावरून नाव कमी केलं एवढाच त्याचा अर्थ. कधी पगारपुस्तिकेतून फाडलेलं एक पान निघतं: ‘माझं जे काही आहे ते आईला.’ आणि शेवटच्या कार्डावर पदकं, ताम्रपट, सन्मानपत्र आणि चांदीचा क्रॉस कुणाकुणाला, कुठल्या पत्त्यावर पाठवला याची नोंद असते. हा क्रॉस १९१९ मध्ये मृत सैनिकांच्या आयांना आणि विधवांना द्यायला सुरू झाला.

प्रेतं परत आणली जात नव्हती. जिथे मेला तिथेच पुरायचा, हा नियम होता. घरच्यांना थडग्याच्या दगडावर स्वतःचे शब्द कोरायला मिळायचे, मोकळ्या जागा धरून ६६ अक्षरं. ब्रिटनमध्ये त्याचे दर अक्षरामागे पैसे मागितले. कॅनडात सरकारने ते भरले. कुठली ६६ अक्षरं निवडायची, यावर सस्कॅचेवानमधल्या एखाद्या शेतघरात दिव्याखाली बसलेल्या आई-बापांचं काय बोलणं झालं असेल ते कुठल्याच फायलीत नाही. पण कोरलेले शब्द आहेत, ते राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाकडे सापडतात.

मुलीने फाइल उघडली की आधी नातेवाइकाचा पत्ता बघायला सांगा. तो रस्ता अजून असेल तर शाळा सुटल्यावर तिथे चालत जाऊन या. बऱ्याचदा घर अजून उभं असतं. लष्करी डॉक्टरांचं अक्षर वाचता आलं नाही तर मला पानाचा फोटो पाठवा, आपण बसून लावू.